पस्तीस पावलांपलीकडचा कलहंस

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. हे ऐकून तुमच्यापैकी कोणी दोन पावलं मागे सरकलं असेल, तर चांगलंच केलं. माझ्यासारखीच्या जवळ असंच यावं, थोडं घाबरत आणि मोठ्या माणसाचा हात धरून. सध्या मी जर्मनीत आहे. वाल्डॉर्फहून ऱ्हाईन नदीकडे जाताना एक लहान गाव लागतं. तिथल्या एका घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, लोखंडी कपाटात मी उभी असते. कपाटाला आकड्यांचं कुलूप आहे. माझा दस्ता कालच पुसलाय, नळ्यांना तेल लावलंय, आणि माझ्याजवळ आता फार दिवस उरलेले नाहीत. म्हणून सांगायचं ते सांगून घेते.

माझा जन्म झूल नावाच्या गावात झाला. डोंगरातलं थंड गाव, तिथे पिढ्यान्‌पिढ्या बंदुका घडतात. ज्या माणसाने माझ्या नळ्या घासल्या त्याला मी कधी पाहिलं नाही, कारण त्या दिवसांत मी अजून नळ्याच होते. पण माझ्या पोलादावर ज्या बाईने दोन उडणारी बदकं कोरली, तिचा श्वास मला आठवतो. ती फार जवळ वाकून काम करायची. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. माझ्या नळ्यांची तोंडं मुद्दाम निमुळती ठेवली होती. छर्रे बाहेर पडताना एकत्र राहावेत, लगेच विखरू नयेत, म्हणून. तेव्हा सगळे छर्रे शिशाचे असत आणि मला घडवणाऱ्यांनी शिशाशिवाय दुसरं काही मनात धरलंच नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

पुष्कळ प्रवास करून मी ओटो नावाच्या शेतकऱ्याकडे आले. ओटो तंबाखू पिकवायचा. ऱ्हाईनने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सोडून दिलेलं एक जुनं पात्र त्याच्या शेतामागे आहे, वाकड्या तळ्यासारखं. कडेने बोरू, पलीकडे उंच पॉपलरची झाडं. हिवाळ्यात तिथे रानबदकं उतरतात आणि कलहंस उतरतात. कलहंस म्हणजे राखाडी रंगाचे मोठे रानहंस. हे लोक त्यांना ग्राऊगान्स म्हणतात. गव्हाचं कोवळं रोप त्यांना फार आवडतं, आणि एक थवा एका सकाळी अर्धं शेत साफ करतो.

ओटो कमी बोलायचा. शिकारीबद्दल त्याचा एकच नियम होता. पस्तीस लांब पावलं. त्याच्या पलीकडे पाखरू कितीही सुंदर दिसलं तरी मला खांद्याला लावायचं नाही. "जखमी करून सोडायला आपण जन्माला आलो नाही," एवढंच म्हणायचा. आणि एखादं पाखरू जखमी होऊन पडलंच, तर ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही, मग जेवण थंड होवो नाहीतर पाऊस येवो. त्या नियमामुळे आसपासचे शिकारी त्याला मान द्यायचे, आणि त्यातला थोडा मान माझ्याही वाट्याला यायचा. मला हातात घेऊन ते म्हणायचे, ओटोची बंदूक चुकत नाही. मी मनात म्हणायचे, चुकत नाही तो ओटो.

आणि मग विलास आला.

विलास सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याचा. मेकॅनिकल इंजिनियर होऊन १९८८ साली इथल्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला लागला. ओटोची मुलगी बिर्गिट त्याच कारखान्यात नकाशे काढायची. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. ओटोने 'नाही' म्हटलं नाही, पण श्टांडेसआम्टमध्ये लग्नाची नोंदणी होती त्या दिवशी त्याची कंबर नेमकी धरली आणि तो घरीच राहिला. मी तेव्हा त्याच्याजवळच होते. त्याची कंबर चांगली होती. तो दिवसभर मला पुसत बसला.

पुढच्या उन्हाळ्यात ओटोचा शेतातला पंप अडला. विलास कोपरापर्यंत चिखलात हात घालून दोन तास झटला आणि पंप चालू झाला.  त्या शनिवारी पहाटे ओटोने विलासच्या हातात काडतुसांची पिशवी दिली आणि 'चल' अशी मान हलवली. विलासने घरी कधी मांस शिजलेलं पाहिलं नव्हतं. पहिलं वर्षभर तो नुसता बघत राहिला. मग त्याने शिकाऱ्याची परीक्षा दिली. ती फार अवघड असते, लोक दोन-दोनदा नापास होतात. विलास पहिल्याच वेळी पास झाला, तेव्हा ओटो म्हणाला, "गेनाऊ." म्हणजे, बरोबर. त्याच्याकडून इतकी स्तुती मी तरी कधी ऐकली नव्हती.

सासऱ्यांना हाक काय मारायची, याची विलासला फार पंचाईत होती. नाव घेऊन 'ओटो' म्हणायला जीभ वळेना. शेवटी तो 'पापा' म्हणायला लागला, आणि बोलताना 'झी' वापरायचा. झी म्हणजे आपलं 'अहो'. नऊ वर्षांनी, बोरूत उभे असताना, ओटो हळूच म्हणाला, "आता 'झी' पुरे. 'डू' म्हण मला." डू म्हणजे 'अरे'. विलासचे डोळे भरून आले. त्याने मान हलवली, पण जन्मभर त्याच्या तोंडात 'अहो'च बसलं. ओटो २००६ साली गेला. जाण्याआधी आठवडाभर त्याने विलासला बोलावून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही तुझी. अंतर सांभाळ."

मित्रांनो, विलासकडची माझी वर्षं सुखाची होती. मला साफ करताना तो माझ्याशी मराठीत बोलायचा. घरात दुसरं कोणी मराठी बोलणारं नव्हतं. बिर्गिटला चार वाक्यं यायची. मुलगी लीला, तिला सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. विलासने एक शिकारी कुत्री पाळली, तिचं नाव आस्टा ठेवलं. इथे कुत्र्यांचं हे नाव जुनंच आहे, पण त्याने ते निवडलं ते वेगळ्या कारणाने. मला म्हणाला, "दिवसातून पन्नास वेळा गावाचं नाव तोंडात येईल."

मग एका नाताळात लीला बर्लिनहून आली. ती तिथे जनावरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. जेवणाच्या टेबलावर तिने एका हंसाची गोष्ट सांगितली. मी तळघरात होते, पण दार उघडं होतं. त्या हंसाला मान उचलता येत नव्हती. पाण्यावर तरंगत होता आणि मान दोरीसारखी लोंबत होती. तो मेल्यावर त्यांनी त्याची पेषणी उघडली. पक्षी दाणे दळायला बारीक खडे गिळतात. याने खडे समजून पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे गिळले होते. शिसं विष असतं. मेलेली बदकं खाणारे गरुडही तसेच मरतात, असं ती म्हणाली.

"आपल्या पाण्याच्या तळाशी किती असतील, बाबा?" तिने विचारलं.

 जेवण अर्धं टाकून विलास खाली आला, कपाट उघडलं आणि माझ्याकडे नुसतं बघत राहिला. एका काडतुसात दोनशेच्या वर छर्रे असतात. पाखराला लागतात चार किंवा पाच. उरलेले कुठे जातात, हे मला कधी कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. ओटोची तीस वर्षं, विलासची त्यावर. बोरूच्या मुळाशी ते सगळं माझंच पडलेलं होतं.

कायदाही मागोमाग बदलला. आधी पाण्यावरच्या पाखरांसाठी शिसं बंद झालं, पुढे पाणथळीच्या आसपास शंभर मीटरांतही. विलास त्याआधीच थांबला होता. त्या नाताळानंतर त्याने माझ्यात शिशाचं काडतूस घातलं नाही. पण मग घालायचं काय? तो मला घेऊन फ्राऊ केसलरकडे गेला. या बाई बंदुका दुरुस्त करतात. त्यांनी माझ्या नळीत दिवा धरून डोळा लावला, जाडी मोजली आणि मान हलवली.

"पोलादाचे छर्रे हिला नकोत," त्या म्हणाल्या. "शिसं मऊ असतं, निमुळत्या तोंडातून जाताना दबतं. पोलाद दबत नाही. नळी फुगेल. आणि पोलाद शिशापेक्षा एक तृतीयांशाने हलकं. हलका छर्रा हवेत लवकर दमतो."

"मग पोलादवाले काय करतात?" विलासने विचारलं.

"नवी बंदूक घेतात. छर्रा दोन आकारांनी मोठा घेतात. आणि पाखरू अजून जवळ येऊ देतात. जे लोक तिसरी गोष्ट विसरतात, त्यांची पाखरं तुमच्या मुलीच्या दवाखान्यात जातात."

"हिला सोडायचं नाहीये मला."

"बरं, मग बिस्मथ धातूचे छर्रे. शिशाच्या जवळपास जड, मऊ, विषारी नाही. पण कुठलंही काडतूस आणून चालणार नाही. कागदावर बार झाडून बघा, ही कोणाशी जुळवून घेते ते."

मग तो रविवार उजाडला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस कुठला असं कोणी विचारलं, तर मी तोच सांगेन. लीला तोपर्यंत डॉक्टर होऊन हायडेलबर्गजवळच्या पक्ष्यांच्या दवाखान्यात लागली होती. तिला शिकार आवडत नव्हती. तरी ती शूटिंग रेंजवर आली. म्हणाली, "मारायचंच असेल तर ते पाखरू एका क्षणात मरायला हवं. एवढं मला बघायचंय." पस्तीस मीटरांवर मोठे कागद लावले. विलास बार काढायचा, लीला कागदावर पाऊण मीटरचं वर्तुळ आखायची, आणि दोघं गुडघ्यांवर बसून पेन्सिलीने भोकं मोजायचे. एका काडतुसाचे छर्रे कडेला पळत होते, मध्ये हंस मावेल एवढी मोकळी जागा सुटत होती. दुसऱ्याचे डाव्या नळीतून दाट, उजवीतून विरळ. तिसरं काडतूस मात्र मला मानवलं. छर्रे कसे सगळीकडे सारखे बसले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. बदकांसाठी तीन मिलिमीटरचे, कलहंसांसाठी साडेतीनचे. हंसाचं हाड जाड, पिसं दाट, त्याला छर्रा मोठा लागतो, नाहीतर तो कातडीतच अडकतो. विलासने हे सगळं वहीत लिहिलं. लीलाने त्याच्या खाली जर्मनमध्ये लिहिलं, 'पस्तीसच्या पुढे नाही', आणि सही केली. बाप-लेक त्या दिवशी फार हसले.

यानंतरचं सांगायला मला जड जातं.

विलास निवृत्त झाला आणि त्याचे डोळे जायला लागले. एकदम नाही. मधोमध एक धुरकट डाग, कडेचं सगळं स्वच्छ. हे मला सगळ्यांत आधी कळलं, कारण माझ्या नळ्यांवरून बघताना तो मान थोडी तिरकी करायला लागला. पूर्वी तो तसं कधी करत नसे. कोणालाच त्याने सांगितलं नाही, बिर्गिटलासुद्धा नाही. फक्त एकदा, मला तेल लावताना, म्हणाला, "हे कळलं की आधी गाडी काढून घेतील, मग तुला. मग मी दिवसभर करू काय?" मित्रांनो, मला तोंडं दोन आहेत, पण बोलता एकानेही येत नाही.

दोन वर्षं अशी गेली. तो शिकारीला जायचा, पण बहुतेक वेळा मला खांद्याला लावायचाच नाही. बरोबरचे लोक म्हणायचे, विलास आता नुसता हवा खायला येतो. तो हसून सोडून द्यायचा.

या जानेवारीत, हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, तो डीटर नावाच्या मित्राबरोबर त्या जुन्या पात्राच्या बांधावर गेला. आस्टा बरोबर होतीच. बांधालगतच्या शेताच्या मालकाने पुन्हा निरोप पाठवला होता, कलहंस गहू ठेवत नाहीत म्हणून. बोरूच्या कडेला पातळ बर्फ धरलं होतं. बिस्मथची नवी काडतुसं यायची होती. जवळ दोनच शिल्लक होती. पहिला थवा अगदी जवळून गेला. विलासने दोन्ही बार काढले. दोन्ही रिकामे गेले. एवढ्या जवळचं पाखरू त्याच्या हातून कधी सुटलं नव्हतं.

डीटरने खिशातून दोन काडतुसं काढून दिली. "ही घे. बदकांची आहेत, पण चालतील."

विलासने ती डोळ्यांपाशी नेली. काडतुसावर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, छर्रा कसला, केवढा. त्याने ती एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने धरली. त्याला वाचता आलं नाही. डीटरची बंदूक नवी आहे, तो पोलाद वापरतो, हे विलासला माहीत होतं. एका शब्दाने विचारता आलं असतं. पण विचारलं तर डीटर म्हणाला असता, लिहिलंय की त्यावर, वाच. विलासने विचारलं नाही. त्याने मला मधोमध उघडून दोन्ही काडतुसं आत सरकवली. त्या थंड, कडक छर्ऱ्यांचं वजन मला लगेच जाणवलं. ते माझे नव्हते.

दुसरा थवा आला. उंच होता आणि लांब होता. पन्नास मीटर तरी असेल, जास्तच. विलासने मान तिरकी केली. कडेच्या स्वच्छ नजरेत त्याला पंख मोठे दिसले, म्हणून जवळ वाटले. त्याने चाप ओढला. मग दुसरा. माझ्या नळीच्या तोंडाशी काहीतरी ताणल्यासारखं झालं, आणि एक कलहंस थव्यातून बाजूला पडला. मेला नाही. एक पंख लटकत, तिरका होत, पलीकडच्या बोरूत उतरला. थवा पुढे गेला. एक कलहंस मात्र मागे वळला आणि ओरडत त्या बोरूवर घिरट्या घालू लागला. कलहंसांची जोडी जन्माची असते.

आस्टा पाण्यात गेली. बर्फ फोडत, पोहत ती पलीकडे पोचली, पण जखमी हंस पुन्हा-पुन्हा बुडी मारून तिला चुकवत होता. अर्ध्या तासाने ती परत आली तेव्हा तिच्या अंगावरचं पाणी गोठत होतं आणि पाय थरथरत होते. विलासने आपला कोट काढून तिच्यावर घातला. डीटर म्हणाला, "जाऊ दे, कोल्हा खाईल." विलास त्याला म्हणाला, "तू जा घरी." आणि स्वतः अंधार पडेपर्यंत किनाऱ्याने फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. घिरट्या घालणारा तिथेच होता. आता तो उडत नव्हता, पाण्यावर बसून हाक मारत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी विलासने लीलाला फोन केला.

मी गॅरेजमधल्या कामाच्या टेबलावर पडले होते. तीन दिवसांत विलासने मला साफही केलं नव्हतं. दुपारी दोघं आली. लीलाच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला कलहंस होता. ओल्या बोरूत तो त्यांना जिवंत सापडला होता. तिने त्याला माझ्या शेजारी ठेवलं. त्याचं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं की टेबलाची फळी थरथरलेली मला जाणवत होती.

विलासने त्याला धरलं. लीलाने पिसं बाजूला करून बोटं फिरवली. खांद्याचं हाड तुटलेलं होतं, जखम सडायला लागली होती. छातीवर कातडीखाली बारीक गाठी लागत होत्या. तिने चिमट्याने एक छर्रा काढला. सहज निघाला, कातडीतच अडकलेला होता. गोल होता, जराही चेपलेला नव्हता. तिने तो टेबलावर ठेवला. मग विलासच्या हत्यारांमधलं लोहचुंबक घेतलं आणि जवळ नेलं. छर्रा टक्कन चिकटला. बिस्मथ चुंबकाला चिकटत नाही.

"पोलाद," ती जर्मनमध्ये म्हणाली. "तीन मिलिमीटर. लांबून. बाबा, तुम्ही वहीत लिहिलं होतं."

"वाटलंच होतं मला," विलास म्हणाला. "विचारायला हवं होतं."

 लीला त्या चुंबकाकडे बघत राहिली. मग मान वर करून तिने मराठीत विचारलं. उच्चार अडखळत होते, शब्द मात्र नीट होते.

"बाबा, तुम्हाला कधीपासून दिसत नाही?"

त्याचा हात हंसाच्या मानेवर होता. तो तसाच राहिला.

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "मधलं दिसत नाही. तू आत्ता समोर आहेस ना, तुझं तोंड मला दिसत नाहीये."

लीला टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली, जिथून त्याला दिसेल तिथे. "आणि गाडी चालवत होतात," ती म्हणाली. "बोरूत माणूस असता तर?" तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

"हो," विलास म्हणाला.

हंसाला वाचवता येणार नव्हतं. तिने विलासला तसं सांगितलं, सुई भरली आणि म्हणाली, "तुम्ही बाहेर गेलात तरी चालेल." तो गेला नाही. त्याने हंसाचं डोकं आपल्या तळहातात धरून ठेवलं आणि मराठीत काहीतरी पुटपुटला. इतक्या वर्षांत मला त्याचं प्रत्येक वाक्य ऐकू आलं होतं. तेवढं एक आलं नाही. हळूहळू फळीचं थरथरणं थांबलं. मग त्याने मला उचललं आणि नळीत दिवा धरला. त्याला कडेच्या नजरेने दिसलं, आणि बोटानेही कळलं. तोंडापाशी एक गोल फुगवटा आला होता, अंगठी अडकावी तसा. फ्राऊ केसलरकडे न्यायची गरज नव्हती. तो स्वतः इंजिनियर होता.

आता माझं काही उरलं नाही. मंगळवारी विलास मला लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, जमा करणार आहे, आणि आपला परवानाही. बिर्गिट गाडी चालवेल. त्याची गाडी विकली. नंतर मला कापून वितळवतील, असं कचेरीतले लोक म्हणाले. तरीही काल त्याने मला पूर्ण उघडून साफ केलं, प्रत्येक खाच पुसली, तेल लावलं. बिर्गिट दारात उभी होती. ती म्हणाली, "जी कापली जाणार, तिला तेल कशाला?" तो पुसत राहिला. त्याला ते उत्तर जर्मनमध्ये येत नसावं.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करण्याचा हक्क मला नाही. मी पाण्यात विष टाकलं आणि एका पाखराला तीन दिवस तळमळत ठेवलं. पण लोक मोठे झाल्यावर कोणी शेतात, कोणी कारखान्यात, कोणी दवाखान्यात हातात काहीतरी धारदार किंवा जड घेतातच. तेव्हा त्याची ताकद किती, कुठवर, आणि ते कोणाला मानवतं, हे आधी नीट बघा. कागदावर झाडून बघा. आणि तुमच्या स्वतःच्या अंगात काही कमी पडत असेल तर ते घरच्यांना सांगा, लाज वाटली तरी सांगा. विचारायचा एक शब्द विलासच्या ओठांवर अडकला, आणि त्याचं दुःख कोणी दुसऱ्यानेच भोगलं.

विलास अजून रोज सकाळी पायी बांधावर जातो. रिकाम्या हाताने, आस्टाला घेऊन. परत आला की खाली येतो, कपाटासमोर स्टुलावर बसून बूट काढतो आणि मला त्या मागे राहिलेल्या कलहंसाचं सांगतो. जानेवारी संपेपर्यंत सांगायचा, "आज पण एकटाच होता. थव्यापासून लांब उभा होता, गव्हात." फेब्रुवारीत एकदा म्हणाला, "आज खात होता थोडं." परवा आला तेव्हा बराच वेळ बूट हातात धरून बसला. मग म्हणाला, "आज नव्हता. थवा उत्तरेला गेला म्हणतात, त्याच्याबरोबर गेला असेल."

त्याने मला विचारल्यासारखं बघितलं, मान थोडी तिरकी करून. मग दिवा मालवला आणि जिना चढून वर गेला.